दोन सेकंदांचा नकार

नकार यायला दोन सेकंद लागायचे. हर्षालीने ते मनगटावरच्या घड्याळावर मोजले होते, तेही एकदा नाही, दर वेळी. पासवर्ड टाइप करून एंटर दाबलं की पडद्याच्या मधोमध एक इवलंसं वाळूचं घड्याळ यायचं आणि ते पुरतं उलटायच्या आत राखाडी चौकट उघडायची. चौकटीत इंग्रजीत तीन ओळी. साइन-इन होऊ शकलं नाही. नाव आणि पासवर्ड तपासून पाहा. हे खातं दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरू असेल तर आधी तिथे बंद करा.

नाव आणि पासवर्ड तिने पहिल्याच आठवड्यात तपासले होते. दोन्ही बरोबर होते. राहिली तिसरी ओळ.

त्या गुरुवारी संध्याकाळीही तसंच झालं. तिने तीनदा प्रयत्न केला, तीनदा दोन सेकंद मोजले, पडद्याचं चित्र काढून जपून ठेवलं आणि शेजारची वही ओढून घेतली. वहीत तिने पट्टीने रकाने आखले होते: तारीख, वार, वेळ, सेकंद, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘सुट्टी. घरी असणार.’

घरी असणार म्हणजे सुदर्शन, तिचा नवरा. तो भोसरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असायची.

हर्षाली दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरातून निघून ओतूरला माहेरी आली होती. इथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सहायक म्हणून लागली. लंबकांना दोरे बांधायचे, भिंगं पुसायची, मुलांच्या जर्नलमधली रीडिंग तपासायची. घरी आल्यावर चहा घेऊन तासभर कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळायचं, एवढीच तिची चैन. गेम इंटरनेटवरचा होता. समोर कुठल्या देशातला माणूस बसलाय ते कळायचं नाही, फक्त त्याचं नाव आणि गुण दिसायचे. हर्षालीचे गुण सोळाशे चाळीस होते. एकेक डाव जिंकून जमवलेले.

खातं मात्र तिचं एकटीचं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, भोसरीतल्या एका सायबर कॅफेत, दोघांनी मिळून ते उघडलं होतं. नावही दोघांचं जोडून घेतलेलं, ‘हर्षसुद’. ते तेव्हा गोड वाटलं होतं. ई-मेल त्याचा दिला होता, कारण तेव्हा तिचा नव्हताच. सुदर्शन चार डाव हरला आणि कंटाळला; ती खेळत राहिली. आता पासवर्ड बदलायचा तर त्याची चिठ्ठी त्याच्याच मेलवर जाणार होती. कुलूप बदलायला ज्याच्यापासून लपायचं त्यालाच बोलवावं, तसला प्रकार. नवीन खातं उघडता आलं असतं, पण मग गुण शून्यापासून. ते तिला नको होतं. जे आपलं आहे ते सोडून आपणच का उठावं, असा तिचा हट्ट होता.

वहीत सहा गुरुवार नोंदलेले होते. त्यातल्या पाच गुरुवारी गेमने तिला आत घेतलं नव्हतं. शुक्रवारी सगळं सुरळीत. शनिवार ते बुधवारही सुरळीत. मधल्या एका गुरुवारी मात्र बिनबोभाट लॉगिन झालं होतं. तिथे तिने शेरा मारला होता, ‘ओव्हरटाइमला गेला असावा.’ आणि एका सोमवारी विनाकारण अडलं होतं. तिथे लिहिलं होतं, ‘रजा?’

येत्या रविवारी बैठक होती. तिसरी बैठक.

पहिल्या दोन बैठकांत दोन्हीकडची मोठी माणसं चटईवर बसली, चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, मग गेणभाऊंनी घसा साफ करून तिला विचारलं, पोरी, तुझं काय म्हणणं आहे. गेणभाऊ तिचे मामा. लग्न त्यांनीच जमवलेलं, त्यामुळे त्यांची झोप तिच्यापेक्षा जास्त उडालेली. दोन्ही वेळा ती ‘बघू’ म्हणाली होती. आता पाडवा तोंडावर आला होता आणि या वेळी सणाला सून घरी न्यायचीच, असा निरोप सासरहून आला होता. नाहीतर सरळ काय ते सांगा, म्हणजे आम्हालाही मोकळं होता येईल.

आईला यात अडचण काय तेच कळत नव्हतं. लंकाबाई भाकरी थापता थापता दर दोन दिवसांनी तेच म्हणायच्या.

“दारू पीत न्हाई, कधी हात उगारला न्हाई, पगार घरात आणतोय. अजून काय पायजे बाई माणसाला?”

हर्षालीकडे याला उत्तर होतं, पण ते बैठकीत ठेवता येण्यासारखं नव्हतं. सुदर्शन तिच्या वेळा लिहायचा. ती भोसरीत एका क्लासवर शिकवायला जायची; सुटायची वेळ, बसची वेळ, घरी पोचायची वेळ. गादीखाली त्याची खिशात मावणारी डायरी तिला सापडली होती. ‘क्लास ५.४०. बस ५.४८. घर ६.२१. आठ मिनिटं?’ असं पानामागून पान. त्याने कधी आवाज चढवला नाही. जेवताना तो सहज विचारायचा, ती आठ मिनिटं कुठे होतीस. ती सांगायची, भाजी घेतली. मग तो पिशवीतली मेथी हातात घेऊन बघायचा, आजची आहे की कालची.

आईला तिने हे एकदा सांगून पाहिलं होतं. आई म्हणाली होती, लिहितोय तर लिहू दे की, त्यानं तुझं काय झिजतंय.

म्हणून तिला पुरावा हवा होता. दोन वर्षं वेगळी राहिल्यावरही हा माणूस आपल्या सुट्टीच्या दिवशी तिच्या खात्यात शिरून बसतो, तिला बाहेर ठेवतो, ती काय खेळली ते बघतो. हे कागदावर दाखवता येणार होतं. तारीख, वार, वेळ. मोठ्या माणसांना कागद कळतो.

शुक्रवारी दुपारी कॉलेजातून तिने नारायणगावला गोकुळला फोन लावला. कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिलेला होता. गोकुळचं दुकान बसस्टँडासमोर होतं आणि त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं.

“मॅडम, फॉरमॅट मारून टाकू का?”

“नको. फक्त मला सांग, पासवर्ड बरोबर असताना गेम आत का घेत नाही? तेही फक्त गुरुवारी.”

“गुरुवारीच? उपास करतोय का काय गेम?” तो स्वतःच हसला. तिकडून काही हसू आलं नाही तसा तो गंभीर झाला. “मग दुसरीकडनं कुणीतरी चालवतंय, शंभर टक्के. घरातल्या कुणाला पासवर्ड म्हाईत हाय का? मिस्टरांना विचारलं का?”

एवढं बोलून त्याच्या जिभेला ब्रेक लागला. हर्षाली माहेरी असते हे नारायणगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तो पुटपुटला, म्हंजे आपलं उगाच म्हणलं ताई, आणि गिऱ्हाईक आलंय सांगून त्याने फोन ठेवला. मॅडमची ताई झालेली तिच्या लक्षात आली. पण त्याहून जास्त लक्षात राहिलं ते शंभर टक्के.

त्याच दिवशी अकरावीच्या एका मुलाचं जर्नल तिने परत केलं होतं. लंबकाच्या प्रयोगात त्याची दहाही रीडिंग एका सरळ रेषेत बसत होती. आपल्या प्रयोगशाळेतल्या हलत्या टेबलावर, उघड्या खिडकीशेजारी, असली रीडिंग कुणालाच मिळत नाहीत हे तिला माहीत होतं. तिने मुलाला हळूच सांगितलं, उत्तर आधी ठरवून रीडिंग मागून लिहिलंस. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. न जुळणारी रीडिंग खोडायची नसतात, ती म्हणाली, त्यांच्याकडेच जास्त बघायचं असतं.

शनिवारी अर्धा दिवस कॉलेज. दुपारी जेवून ती कॉम्प्युटरसमोर बसली. आई ओट्यावर शेंगा फोडत होती, वडील शेतावर. अडल्या दिवसांची पडद्याची चित्रं क्रमाने लावायची आणि ओतूरच्या बाजारपेठेत छापून आणायची, असं तिने ठरवलं होतं. अडलेल्या दिवसांची पाच चित्रं होती. पहिल्या वेळी चित्र काढायचं तिला सुचलं नव्हतं. तुलनेसाठी म्हणून सुरळीत दिवसांचीही सात-आठ काढलेली होती. तिने ती सगळी एका फोल्डरमध्ये घेतली आणि तारखेप्रमाणे लावायची आज्ञा दिली.

सुरळीत दिवसांची चित्रं ओळीने बसली. फेब्रुवारी, मार्च, सन दोन हजार सात. अडलेल्या दिवसांची पाचही चित्रं त्यांच्यात नव्हती. ती सगळी एका टोकाला, गठ्ठ्याने जाऊन बसली होती.

तिने पुढे वाकून वाचलं. एक जानेवारी दोन हजार दोन, रात्रीचे बारा वाजून नऊ मिनिटं. दुसरं, एक जानेवारी दोन हजार दोन, बारा वाजून सात. तिसरं, चौथं, पाचवं. दिवस तोच, मिनिटं तेवढी वेगळी.

सुदर्शनविरुद्धचा सगळा पुरावा एकाच रात्री गोळा झालेला होता, आणि त्या रात्री हर्षालीने सुदर्शन नावाच्या माणसाला पाहिलेलंही नव्हतं. तिचं लग्न दोन हजार तीनचं.

तिचा पहिला विचार असा होता की हेही त्यानेच केलं. तारखा बदलल्या. पुरावा कुचकामी व्हावा म्हणून. ती खुर्चीत मागे टेकली आणि हा विचार तिने नीट धरून पाहिला, कारण तो फार चटकन आला होता. भोसरीत बसलेला माणूस गेमच्या खात्यात शिरू शकेल. पण या खोलीतल्या कॉम्प्युटरची तारीख बदलायला या खोलीत यावं लागतं.

मग कोण येतं या खोलीत?

आई कॉम्प्युटरला पुसायच्या फडक्याशिवाय हात लावत नसे. राहिले अण्णा, म्हणजे तिचे वडील कुशाबा. तिला एकदम आठवलं की शुक्रवारी सकाळी ती अंघोळीला जाते तेव्हा कॉम्प्युटर चालू झाल्याचा तो तेवढाच ट्यूं आवाज येतो. ती बाहेर येईपर्यंत बंद झालेला असतो. ती समजायची, टोमॅटोचा भाव बघत असतील. पण भाव बघायचा तर रोज बघतील, शुक्रवारीच कशाला?

अण्णा या दोन वर्षांत तिला एका शब्दाने काही बोलले नव्हते. ना जा म्हणाले, ना राहा म्हणाले. ती याला त्यांचा मोठेपणा समजत होती. आता ती शांतता तिला वेगळी दिसायला लागली. सुदर्शनचा फोन आला की अण्णा उठून अंगणात जाऊन बोलायचे. ‘हां पावणं, हां, बघतो मी,’ एवढंच ऐकू यायचं. काय बघत होते? पासवर्ड तर कॉम्प्युटरजवळच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर तिनेच लिहून ठेवला होता. गुरुवारी जावयाने आत शिरायचं, शुक्रवारी सासऱ्याने मागचे माग पुसायचे. तिने वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘अण्णा’ असं लिहिलं. लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत ती त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली.

कुशाबा पाचच्या सुमाराला आले. पायावर पाणी घेतलं, टोपी खुंटीला अडकवली, बाजेवर बसले. हर्षालीने पाण्याचा तांब्या दिला आणि तिथेच उभी राहिली. तिने आवाज अगदी साधा ठेवला होता. मेथीची जुडी हातात घेऊन बघणाऱ्या माणसाचा आवाज इतकाच साधा असायचा, हे तिला बोलता बोलताच जाणवलं.

“अण्णा, शुक्रवारी सकाळी तुम्ही कॉम्प्युटरवर काय करता?”

“काय करतो म्हंजे? घड्याळ लावतो.”

“कुठलं घड्याळ?”

“त्याचंच. त्याच्या पोटात हाय ना, खाली कोपऱ्यात दडलेलं. मेन पाडला की ते मागं पडतं. एकदम लई वर्सं मागं.” त्यांनी तांब्या वर धरून पाणी प्यायलं, मिशी पुसली. “गोकुळनं दावलंय मला. दोनदा टिचकवायचं, तारीख घालायची, वेळ घालायची. तू कालिजात जायच्या आदी लावून ठिवतो.”

“आणि मेन का पाडता?”

यावर कुशाबांनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. हे काय विचारणं झालं, असं. गुरुवारी तारांच्या दुरुस्तीसाठी सकाळी दोन-तीन तास वीज बंद असते हे काय तिला नवीन होतं? रोजच्या दोन-तीन तासांच्या भारनियमनाचं काही नाही, ती वीज मुकाट जाते नि मुकाट येते. पण गुरुवारी वायरमन खांबावर चढतो, आणि तारा परत जोडल्यावर पहिला झटका कसा येईल ते देवालाच ठाऊक. चार वर्षांपूर्वी असाच झटका येऊन टीव्ही जळाला होता. तेव्हापासून गुरुवारी सकाळी वीज गेली की ते मेन पाडून शेतावर जातात आणि संध्याकाळी शेजारच्यांचा दिवा नीट जळताना बघूनच वर करतात.

“मला कधी बोलला नाहीत.”

“आता भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतो, ते सांगतो का तुला? घरात घड्याळ हाय म्हणल्यावर कुणीतरी लावायला पायजे.” ते हसले. “का गं? चुकीची लावली का काय मी?”

“नाही,” हर्षाली म्हणाली. “बरोबर लावता.”

आत येऊन तिने दार लोटलं. तिला खात्री करून घ्यायची होती. पडद्याच्या तळाशी माऊस नेल्यावर दडलेली पट्टी वर आली. ती तिनेच दडवून ठेवली होती, गेम पूर्ण पडद्यावर दिसावा म्हणून. कोपऱ्यात घड्याळ होतं, बरोबर वेळ दाखवणारं. तिने गेम उघडला. लॉगिन झालं. बाहेर आली, घड्याळ एक जानेवारी दोन हजार दोनवर नेलं, पुन्हा प्रयत्न केला. दोन सेकंद, राखाडी चौकट, त्याच तीन ओळी. घड्याळ जागेवर आणलं. लॉगिन झालं. मग घड्याळ बरोबर ठेवून तिने मुद्दाम पासवर्ड चुकीचा दिला. चौकट तीच आली, पण या वेळी सात सेकंदांनी.

म्हणजे पासवर्ड चुकला तर निरोप दूर सर्व्हरपर्यंत जाऊन नकार घेऊन परत येत होता. त्याला सात सेकंद लागत. आणि घड्याळ पाच वर्षं मागे असलं की तो निरोप धड दारातही पोचत नव्हता. तारखाच जुळत नाहीत म्हटल्यावर हा कॉम्प्युटर खोटा असणार असं धरून गेम त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावत होता. दोन सेकंदांत. चौकट मात्र सगळ्या चुकांसाठी एकच बनवलेली. तिच्यातल्या तीन ओळींपैकी कुठली खरी मानायची ते वाचणाऱ्यावर.

तिने आणखी दोनदा तोच प्रयोग केला. फरक पडला नाही.

मग तिने गोकुळला फोन लावला. ताई, त्यात एक बटणासारखा सेल असतो, तो म्हणाला, तो अर्धमेला झाला असणार. दोन-तीन तास कळ काढतो, दिवसभर नाही काढत. चालू करताना काळ्या पडद्यावर एफ वन दाबायला सांगतंय का? तिने सांगितलं की सांगतं, पण सगळेच दाबतात, तूच तशी चिठ्ठी चिकटवून गेला होतास. हां हां, तो म्हणाला, तेच ते. सोमवारी सेल बसवून देतो. फॉरमॅटची गरज नाही. हे शेवटचं तो जरा हिरमुसून बोलला.

फोन ठेवल्यावर तिने वही पुन्हा उघडली. ज्या गुरुवारी गेम सुरळीत चालला, त्या दिवशी अण्णा पहाटेच सातबाऱ्याच्या कामाला जुन्नरला गेले होते; मेन पाडायला घरात कुणी नव्हतं, त्यामुळे वीज दुपारच्या आत आपसूक परत आली होती. तिने लिहिलं होतं, ओव्हरटाइम. ज्या सोमवारी अडलं, त्या दिवशी सगळं घर लग्नाला गेलं होतं आणि अण्णांनी घर बंद करताना मेन पाडला होता. ती स्वतः त्यांच्या मागे चपला घालत उभी होती. तिने लिहिलं होतं, रजा. न जुळणारी दोन रीडिंग. दोन्हींना तिने घरबसल्या कारणं शोधून दिली होती.

सुदर्शन कुठेच नव्हता. त्याने दोन वर्षांत त्या खात्याला हात लावला होता असं दाखवणारी एकही खूण तिच्याकडे नव्हती.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ती वाट बघत बसली, पण तसं काही वाटेना. समोर वहीचं पान होतं. तारीख, वार, वेळ, सेकंद, शेरा. अक्षर तिचं होतं, नेहमीचं, सरळ आणि बारीक. खिशात मावणाऱ्या त्या डायरीतलं अक्षर वाकडं होतं, एवढाच काय तो फरक. आणि सगळ्यात खाली, तिच्याच हाताने लिहिलेलं, अण्णा.

रविवारी दहा वाजता माणसं जमली. सासरकडून सुदर्शन आणि त्याचे चुलते चांगदेव. ते घोडेगावहून जीपने आले होते आणि जीपवाल्याने मंचरला तासभर कसं ताटकळत ठेवलं ते त्यांनी आल्या आल्या दोनदा सांगितलं. इकडचे गेणभाऊ आणि कुशाबा. आई स्वयंपाकघराच्या दारात. सुदर्शनने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. तो अंगाने थोडा वाळला होता. त्याने हर्षालीला विचारलं, बरी आहेस ना, आणि ती हो म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. हे तिला दिसत होतं, आणि दिसत असूनही तिची नजर त्याच्या खिशाकडे जात होती, तिथे काही चौकोनी आहे का ते बघायला.

चहा झाला. द्राक्षांवर यंदा काय रोग आला त्याचं बोलणं झालं. मग चांगदेवांनी सुरुवात केली. सूनबाई शिकलेली आहे, आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण दोन वर्षं झाली, लोक विचारतात. आमच्या पोराचं काही चुकलं असेल तर सांगा, त्याचे कान आम्ही धरतो. सुदर्शन म्हणाला की त्याच्याकडून काही कमी पडलं असेल तर तो सुधारायला तयार आहे. तो हे मनापासून म्हणत होता. त्याने पुढे असंही सांगितलं की आता तो तिला काही विचारत नाही, विचारणारही नाही.

गेणभाऊंनी घसा साफ केला.

“पोरी, दोन खेपा तू ‘बघू’ म्हणालीस. आज तसं चालायचं न्हाई. ह्यांनी काय केलंय ते सांग. कारण काय ते आमाला कळू दे.”

वही आतल्या खोलीत, फडताळात होती. कालपर्यंत ती या क्षणी आणून चटईवर ठेवायची असं ठरलेलं होतं. हर्षाली भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि चटईच्या कडेला बसली. कुशाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा जमिनीकडे.

“ह्यांनी काही केलेलं नाही, मामा,” ती म्हणाली.

चांगदेवांनी मान डोलावली, झालं तर मग अशा अर्थाने. दारातून आईच्या बांगड्या वाजल्या.

“सहा आठवडे माझा गेम दर गुरुवारी बंद पडत होता. मी धरून चालले की तो हेच पाडतात. वेळा लिहून ठेवल्या, चित्रं काढली, वही केली. काल कळलं, कॉम्प्युटरमधला सेल गेलाय. ह्यांचा काही संबंध नव्हता.” तिने सुदर्शनकडे पाहिलं. “तुमची मी माफी मागते.”

सुदर्शन गोंधळला. कुठला गेम, असं काहीतरी तो पुटपुटला. त्याला ते खातं आठवतही नव्हतं.

“अगं मग अडचण कशाची हाय?” गेणभाऊ म्हणाले. “तुझं तूच कबूल केलंस की.”

“घरात सेल संपला तरी मला पहिलं नाव ह्यांचं सुचतं. काल तर मी अण्णांचंही नाव लिहिलं. जे तिथे राहून शिकले, तेच मी इथे बसून करत होते, आणि मला ते चांगलं जमत होतं.” ती गेणभाऊंकडे वळली. “कारण म्हणून दाखवायला माझ्याकडे काही नाही, मामा. तुम्ही विचाराल तेवढ्या वेळा मी हेच सांगेन. मी नांदायला जाणार नाही.”